कर्जत टू कर्जत, व्हाया पृथ्वी

सगळ्यात आधी एक खुलासा. मी कर्जतची आहे. नाही हो, ते नाही! लोकलचं, वीकएंडला फार्महाऊसवाल्यांनी ओसंडून वाहणारं कर्जत रायगडात. माझं कर्जत नगर जिल्ह्यातलं. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण पुण्यातल्या माझ्या मित्रमंडळींच्या डोक्यातला घोळ काही मिटला नाही. ‘अगं मग तू रोज लोकलने का नाही जात?’ असं अजून दर महिन्याला कोणीतरी विचारतंच. आमच्या कर्जतला रेल्वे स्टेशनच नाही. गोदड महाराजांची यात्रा आहे, रेहेकुरीची काळविटं आहेत, तालुक्यात भीमेच्या काठी अष्टविनायकांपैकी सिद्धटेक आहे. आणि लाल एसटी आहे.

तर त्या एसटीत माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, 34 वर्षं कंडक्टरची नोकरी केली. 2022 मध्ये रिटायर झाले. आणि गेल्या महिन्यातल्या एका रविवारी हेच अण्णा, मी आणि माझा लॅपटॉप असे तिघं जण ओसरीवर बसून पृथ्वीप्रदक्षिणेचं तिकीट काढत होतो. या पानावर मी एरवी हॉटेलं, ट्रेक आणि स्वस्तात मस्त बीचेस यांच्यावर लिहिते. आजचा विषय जरा मोठा आहे. सरळ पृथ्वीच!

मामला असा. माझा दादा सिएटलला. व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं तर नोकरी जाईल, या टेन्शनमध्ये तो पाच वर्षं इकडे फिरकलेला नाही. त्याची मुलगी चिमी दोन वर्षांची झाली. आई-अण्णांनी तिला फक्त फोनच्या स्क्रीनवर पाहिलंय. दोघांनी एकदम जायचं तर घरी 86 वर्षांची आजी. मागच्या दिवाळीत ती न्हाणीघरात घसरली, तेव्हापासून काठीशिवाय चालत नाही. आईने निकाल देऊन टाकला, ‘आधी तुम्ही बापलेक जाऊन या. मी पुढच्या खेपेला.’ पैशाचं म्हणाल, तर अण्णांच्या ग्रॅच्युइटीतले थोडे आणि माझ्या फ्रीलान्सिंगच्या चेकांचे थोडे.

अण्णांची अट एकच होती. ‘चौतीस वर्षं ज्या रस्त्यानं गेलो त्याच रस्त्यानं परत आलो. कर्जत-पुणे, पुणे-कर्जत. आता एकदा तरी एका बाजूनं जायचं आणि दुसऱ्या बाजूनं यायचं. पृथ्वी गोल हाय म्हणत्यात ना? मग जमंल की.’

मंडळी, मी मास कॉम केलंय, ट्रॅव्हल पेजला लिहिते. वडिलांनी असं म्हटल्यावर मी काय करणार? माझ्या डोक्यात लगेच ‘राऊंड द वर्ल्ड’ तिकिटाची बत्ती पेटली.

स्वप्नातला रूट

राऊंड द वर्ल्ड तिकीट म्हणजे काय, ते आधी पाहू. एकट्या विमान कंपनीची विमानं क्वचितच सगळीकडे जातात. म्हणून कंपन्यांनी आपापले गट केले. स्टार अलायन्स 1997 मध्ये झाला, वनवर्ल्ड 1999 मध्ये, स्कायटीम 2000 मध्ये. आपली एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्समध्ये आहे. अशा गटातल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या विमानांनी, एकाच तिकिटावर, जगाला एक फेरी मारायची. कल्पना सॉलिड आहे. ऐकलं की कोणालाही वाटतं, एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास आता विमानाला लागू झाला!

मीही तसंच समजले आणि मस्तपैकी रूट आखला. मुंबई ते न्यूयॉर्क. तिथून पॅरिस, कारण माझी मैत्रीण तिकडे जूनमध्येच असणार. पॅरिसहून सिएटलला दादाकडे. मग टोकियो, मग सिंगापूर आणि घरी. आठवडाभर या नकाशाच्या प्रेमात होते. ऑफिसवाल्या मैत्रिणींना स्क्रीनशॉटसुद्धा पाठवून झाले.

पण प्लॅनरमध्ये सगळं भरलं आणि लाल अक्षरांत नकार आला. तारखा बदलल्या, पुन्हा लाल. पॅरिसऐवजी रोम टाकलं, तरी लाल. डोक्याला शॉट! शेवटी पुण्यातल्या एका ट्रॅव्हल एजंटला फोन लावला. त्याने दहा मिनिटांत माझ्या रूटची चिरफाड केली. मी ते सगळं कागदावर उतरवून घेतलं आणि अण्णांना वाचून दाखवायला लागले. आणि काय सांगू, जे मला आठवडाभर कळलं नव्हतं, ते अण्णांना एकेका वाक्यात कळत गेलं. कारण सोपं आहे. मी नकाशा बघत होते, अण्णा तिकीट बघत होते.

फंडा नंबर 1 : एकच दिशा

पूर्वेला निघालात तर पूर्वेलाच, पश्चिमेला निघालात तर पश्चिमेलाच. अटलांटिक महासागर एकदाच ओलांडायचा आणि पॅसिफिकही एकदाच. माझा रूट इथेच आपटला होता. मुंबई-न्यूयॉर्क, न्यूयॉर्क-पॅरिस, पॅरिस-सिएटल म्हणजे अटलांटिक तीनदा! आपण माणसांच्या आणि सुट्ट्यांच्या हिशोबाने विचार करतो, तिकीट महासागरांच्या हिशोबाने. मैत्रीण जूनमध्ये पॅरिसला आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

एका खंडाच्या आत मात्र थोडंफार मागेपुढे चालतं. टोकियो करून सिंगापूर, किंवा रोम करून लंडन, याला सहसा हरकत नसते. पण एकदा खंड सोडला की सोडला.

अण्णा म्हणाले, ‘म्हंजे प्रदक्षिणाच की. देवळात कोणी उलटं फिरतं का?’

खरंच की! आपल्याकडे फिरण्याला नियम असतात, हे आपल्याला नवीन नाहीच. नर्मदा परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ती कुठेही ओलांडायची नाही. सिद्धटेकला देऊळ टेकडीला लागून आहे, त्यामुळे प्रदक्षिणा घालायची तर अख्ख्या टेकडीला वळसा, सुमारे 5 किलोमीटर. पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके यांचं पद गेलं होतं, तेव्हा त्यांनी इथे 21 प्रदक्षिणा घातल्या आणि पद परत मिळालं, अशी कथा आमच्याकडे सांगतात. शॉर्टकट तेव्हाही चालत नव्हता.

फंडा नंबर 2 : जिथून निघालात तिथेच या

प्रवासाची सुरुवात आणि शेवट एकाच देशात हवा. शहर वेगळं असलं तरी बहुतेक ठिकाणी चालतं, म्हणजे मुंबईहून निघून दिल्लीला उतरलात तरी ओके.

अण्णांनी एसटीच्या अष्टविनायक दर्शनाच्या गाड्यांवर ड्युटी केलेली. त्यामुळे हा नियम ते मलाच शिकवायला लागले. शास्त्राप्रमाणे यात्रा मोरगावला सुरू होते, दुसरा आमचा सिद्धटेक, मग पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव, आणि शेवटी परत मोरगाव. आठ गणपती, पण थांबे नऊ! शेवटचा थांबा राहिला तर यात्रा पुरी नाही. आता नकाशा काढून बघा. सिद्धटेकहून एकदम घाट उतरून कोकणात पाली, आणि परत घाट चढून थेऊर. टूरच्या गाड्या हा क्रम पाळत नाहीत, डिझेल कोण भरणार? त्या जवळचं आधी, लांबचं नंतर असं करतात. पण विमानाच्या तिकिटात ‘आम्ही आमच्या सोयीने फिरू’ असं म्हणायची सोय नाही.

आणि गंमत बघा, महडचा गणपती आहे खालापूर तालुक्यात, म्हणजे त्या ‘दुसऱ्या’ कर्जतच्या शेजारीच. एकाच यात्रेत दोन्ही कर्जतं जवळून जातात! जगातही असे जुळे आहेत. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकातही. एकाचा एअरपोर्ट कोड एसजेसी, दुसऱ्याचा एसजेओ. शेवटचं एक अक्षर चुकलं की तुम्ही वेगळ्या देशात. गावाचं नाव नाही, कोड वाचा. हे तुम्हाला एक कर्जतकर सांगतेय, जिची पार्सलं आजवर दोनदा रायगड फिरून आलीत.

फंडा नंबर 3 : थांबा वेगळा, मुक्काम वेगळा

विमानाच्या तिकिटाच्या भाषेत, आंतरराष्ट्रीय प्रवासात एखाद्या ठिकाणी 24 तासांपेक्षा जास्त राहिलात तर तो ‘स्टॉपओव्हर’. त्यापेक्षा कमी राहिलात तर नुसता ‘ट्रान्झिट’. स्टॉपओव्हर मोजून मिळतात, तिकिटाप्रमाणे कमाल संख्या ठरलेली असते. साधारण 15-16 च्या आत सगळं बसवायचं. आणि एकूण उड्डाणांचीही मर्यादा असते, ती 16.

अण्णा : ‘थांब्यावर गाडी थांबती, मुक्कामाला झोपती. दोन्हीचा हिशोब वेबिलात वेगळा.’

त्यामुळे 16 उड्डाणं म्हणजे 16 शहरं असं समजू नका. मुंबईहून लिस्बनला थेट विमान नसेल आणि फ्रँकफर्टला बदलायला लागलं, तर दोन उड्डाणं खर्ची पडली, शहर एकच पाहिलं.

फंडा नंबर 4 : पायी गेलात तरी मोजणार

हा नियम ऐकून अण्णा पहिल्यांदाच चकित झाले. समजा, तुम्ही विमानाने न्यूयॉर्कला उतरलात. तिथून बसने टोरांटोला गेलात आणि पुढचं विमान टोरांटोहून पकडलं. मधला तुकडा तुम्ही विमान कंपनीला त्रास न देता, स्वतःच्या पैशाने, बसने केलात. तरी तो मोजला जातो! वनवर्ल्डच्या खंडांवर चालणाऱ्या तिकिटात तो 16 पैकी एक टप्पा म्हणून धरला जातो. स्टार अलायन्सच्या मैलांवर चालणाऱ्या तिकिटात ते अंतर एकूण मैलांत मिळवतात.

‘म्हंजे पॅसेंजर खाली उतरून चालत गेला, तरी स्टेज लावायची?’ अण्णांनी विचारलं. एसटीत 6 किलोमीटरची एक स्टेज असते, त्यावर भाडं ठरतं. 34 वर्षांत चालणाऱ्या माणसाचं तिकीट त्यांनी कधी फाडलं नव्हतं.

फंडा नंबर 5 : मैल की खंड?

ही तिकिटं मुख्यतः दोन तऱ्हेची. एक मैलांची. एकूण किती मैल उडणार त्याचे टप्पे असतात. 29,000, 34,000 आणि 39,000 मैल हे त्यातले ओळखीचे टप्पे. टप्पा एका मैलाने ओलांडला की पुढचं भाडं. दुसरी तऱ्हा खंडांची. तीन खंड, चार खंड असे भाव. प्रत्येक खंडात साधारण चार उड्डाणं, उत्तर अमेरिकेत सहा.

आता खंड म्हणजे शाळेतल्या भूगोलातले खंड नव्हेत हं! वनवर्ल्डच्या या तिकिटात इजिप्त युरोप-मध्यपूर्वेत धरतात. त्यामुळे पिरॅमिड बघायला आफ्रिका खंडाचे जादा पैसे पडत नाहीत. भूगोलाच्या बाईंनी मला शून्य मार्क दिले असते, पण इथे तेच उत्तर बरोबर.

आणि एक. तुम्ही कोणत्या देशातून निघता त्यावर भाडं बदलतं. तोच रूट, तीच विमानं, पण दुसऱ्या देशातून सुरू केला तर किंमत वेगळी. काही हुशार लोक आधी स्वस्त तिकिटाने शेजारच्या देशात जातात आणि तिथून प्रदक्षिणा सुरू करतात. पण मग शेवटही तिकडेच होतो आणि तिथून घरी यायचं तिकीट वेगळं, हे विसरू नका. जुळतंय का ते आधी कागदावर मांडा.

वर्तुळ पूर्ण होतं म्हणजे काय?

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, विमानवाल्यांना नियम करायची हौसच आहे. पण जगाला फेरी मारणाऱ्या प्रत्येकाला नियम असतात. कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून एकट्याने निघाले, 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन असे चारच थांबे घेऊन मे 2010 मध्ये मुंबईलाच परत आले. अशी सागर परिक्रमा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची बोट बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर. या प्रदक्षिणेलाही नियम होतेच. निघालात त्याच बंदरात परत यायचं, सगळी रेखावृत्तं ओलांडायची, विषुववृत्त ओलांडायचं, किमान 21,600 सागरी मैल कापायचे, आणि सुएझ-पनामासारखे कालवे वापरायचे नाहीत.

विमानाचा विश्वविक्रम करायचा तर किमान 36,787.559 किलोमीटर. हा विचित्र आकडा म्हणजे कर्कवृत्ताची लांबी. याच्याहून कमी उडालात तर ती प्रदक्षिणा म्हणून धरत नाहीत.

आणि सगळ्यात भारी किस्सा पॅन अॅमचा. या अमेरिकन कंपनीने जून 1947 मध्ये जगाला फेरी मारणारी प्रवासी सेवा सुरू केली. कराची, कलकत्ता करत विमान पूर्वेकडे निघालं, पण न्यूयॉर्कहून निघालेली फेरी संपायची अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. कारण कंपनीकडे अमेरिकेच्या आत प्रवासी वाहतूक करायचा परवानाच नव्हता! जग पालथं घातलं, पण घरच्या अंगणातलं शेवटचं पाऊल परवान्यावाचून राहिलं.

अण्णा हसून हसून बेजार झाले. ‘परमिट सगळीकडं सारखंच गं.’

आजीचा प्रश्न

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. मी पॅरिस कापलं, दिशा सरळ केली, आणि नवा रूट मांडला. पश्चिमेला निघायचं, युरोपात तीन शहरं, न्यूयॉर्क, सिएटल, टोकियो, सिंगापूर, घरी. प्लॅनरला पसंत. सगळं हिरवं!

आजी आतल्या खोलीत पडून होती. काठी टेकत दारात आली. तिला बाकी काही कळलं नव्हतं, पण एक कळलं होतं. म्हणाली, ‘मधीच माघारी यायचं झालं तर?’

ओसरीवर कोणी काही बोललं नाही. ती स्वतःबद्दल विचारत होती, हे सगळ्यांना कळलं होतं.

मी कागद चाळला. त्यावर एजंटने सांगितलेला शेवटचा नियम होता, ज्याला मी फारसा भाव दिला नव्हता. तिकिटातलं प्रत्येक उड्डाण म्हणजे एक कूपन. कूपनं क्रमानेच वापरायची. एखादं न कळवता सोडलंत, तर पुढची सगळी रद्द होऊ शकतात. तारीख बदलणं बहुधा सोपं असतं, जागा असेल तर. रूट बदलायचा तर तिकीट नव्याने काढावं लागतं आणि फी पडते. आणि मागे फिरायचं तर? मागे फिरायची सोयच नाही. समजा आम्ही रोममध्ये आहोत आणि घरून फोन आला. रोम-मुंबई वेगळं तिकीट काढून यायचं, आणि चिमीला न बघताच उरलेलं सगळं तिकीट पाण्यात.

हे मी मोठ्याने वाचलं नाही. पण अण्णांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, ‘पेन दे.’

कंडक्टरचा रूट

अण्णांनी कागदावर एक गोल काढला. खाली लिहिलं कर्जत, बरोब्बर वर लिहिलं सिएटल. म्हणाले, ‘निम्मी फेरी झाल्यावर पुढं जाणं म्हंजेच घरी येणं. बरोबर?’

बरोबर. सिएटल आपल्यापासून इतकं लांब आहे की तिथून पॅसिफिकवरून या नाहीतर अटलांटिकवरून, घर सारखंच दूर.

‘मग धोका कुठं हाय? पहिल्या निम्म्यात. तिथंच तू तीन शहरं घातलीस. पहिल्या निम्म्यात रेंगाळायचं न्हाई. जिथं जायचंच हाय तिथं आधी पोचायचं. राहायचं तिथंच राहायचं. मग फोन आला तर काय करायचं? फक्त तारीख अलीकडं घ्यायची आणि पुढं निघायचं. रस्ता तोच.’

मंडळी, मी अवाक. आठवडाभर वेबसाइट, फोन, एजंट, स्क्रीनशॉट. आणि उत्तर निघालं वेबिलाच्या सवयीतून.

त्यामुळे रूट उलटा झाला. पूर्वेला निघायचं. मुंबई ते टोकियो, तिथे फक्त विमान बदलायचं, बाहेर पडायचं नाही. टोकियो ते सिएटल. तिथे दोन महिने मुक्काम. मग न्यूयॉर्कला फक्त विमान बदलून लंडन, चार दिवस. लंडनहून मुंबई. घाई झाली तर लंडनचा मुक्काम काढून टाकायचा, तो नुसता थांबा होईल. पूर्वेला निघाल्याचा बोनस म्हणजे पॅसिफिकवर तारीखरेषा ओलांडताना एक दिवस परत मिळतो. टोकियोहून संध्याकाळी निघालं की सिएटलला त्याच तारखेच्या सकाळी उतरतो. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतला फिलियस फॉग याच दिवसाच्या जोरावर पैज जिंकतो. अण्णांना मात्र वेगळीच काळजी. ‘वेबिलात तारीख कोणती घालायची?’

लंडन हा अण्णांचा हट्ट. तिथल्या जुन्या रूटमास्टर बस 2005 साली नेहमीच्या सेवेतून गेल्या, आणि आता बसमध्ये कंडक्टरच नसतो, हे मी त्यांना कधीतरी सांगितलं होतं. ‘कंडक्टरबिगर गाडी सुटती कशी, ते बघायचंय,’ म्हणाले.

एकूण अंतर सुमारे 31,000 किलोमीटर भरलं. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर 40,075 किलोमीटर आहे, पण आपण वरच्या अंगाने जातो, तिथे गोल लहान. म्हणजे आमचा विश्वविक्रम होणार नाही. न होवो.

आता पैशाचं बोलू

शेवटचा झटका. आमचा रूट इतका छोटा झाला की राऊंड द वर्ल्ड तिकीट घ्यायची गरजच उरली नाही! हे तिकीट परवडतं ते खूप थांबे असतील, खंड बदलत लांब फिरायचं असेल, किंवा बिझनेस क्लासने जायचं असेल तर. दोनच मुक्काम असतील तर साधं ‘मल्टी-सिटी’ तिकीट स्वस्त पडू शकतं. आम्हाला तेच स्वस्त पडलं. भारत-अमेरिका भाड्यांना दिशा ठरलेली असते. तिकिटाच्या भाषेत अटलांटिकवरून असेल तर ‘एटी’, पॅसिफिकवरून असेल तर ‘पीए’. जाताना पीए आणि येताना एटी असं जोडून एजंटने एकच तिकीट बसवलं. कूपनं क्रमाने वापरायचा नियम इथेही आहेच, म्हणून अण्णांचा क्रम इथेही तितकाच कामाचा.

पण तुम्ही सहा महिन्यांची सबॅटिकल घेऊन, पाठीवर सॅक टाकून बारा शहरं फिरणार असाल, घरी सगळं ठणठणीत असेल, तर ते तिकीट तुमच्यासाठीच आहे. फक्त बुक करण्याआधी एवढं करा :

आधी दिशा ठरवा, मग शहरं. उलटं केलंत तर माझ्यासारखा आठवडा जाईल.

शहरांची यादी कागदावर लिहून प्रत्येकापुढे ‘मुक्काम’ की ‘थांबा’ ते लिहा. जमिनीवरून करायचे तुकडेही त्यात धरा.

जिथे जायचंच आहे ते ठिकाण आधी किंवा गोलाच्या टोकाला ठेवा. ‘जमलं तर बघू’वाली सगळी त्यानंतर.

व्हिसा प्रत्येक थांब्याचा वेगळा तपासा. तिकिटाला चालतं ते व्हिसाला चालेलच असं नाही. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलासुद्धा व्हिसा लागतो. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, युरोपातल्या शेंगेन देशांचा वेगळा.

तिकिटाची मुदत बघा. या तिकिटांना साधारण किमान 10 दिवस आणि कमाल एक वर्ष असं बंधन असतं. आकडे आणि अटी बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशीचे नियम वाचा, मित्राने तीन वर्षांपूर्वी सांगितलेले नाही.

आणि शेवटचं. प्रदक्षिणेला मध्य लागतो. कार्तिकेय जग फिरून आला तोवर गणपती आईवडिलांना फेरी मारून मोकळा झाला होता, ही गोष्ट आपण सगळे लहानपणी ऐकलीय. मला ती नेहमी थोडी चीटिंग वाटायची. त्या रविवारी ओसरीवर बसून ती पहिल्यांदा पटली.

तिकीट झालं. अण्णांचा अमेरिकेचा व्हिसा हातात आहे, ब्रिटनचा बाकी आहे. आईने चिमीसाठी गोधडी शिवायला घेतलीय, तिच्या खेपेआधी ती आमच्या बॅगेतून जाईल. संध्याकाळी आजीने अण्णांना जवळ बोलावून विचारलं, ‘ठरलं का? कुठनं कुठं?’

अण्णांनी आवाज चढवून, अगदी ड्युटीवर असल्यासारखं सांगितलं, ‘कर्जत ते कर्जत!’

आजीने क्षणभर विचार केला. म्हणाली, ‘मग एवढा वळसा कशाला रं? इथंच बस की.’